नानांचं छापील उत्तर

नाना छापखानेवाल्यांचं मशीन त्यांच्याच पत्रामुळे गेलं, असं धुळ्यात सगळे समजतात. ते पत्र मी लिहिलं होतं. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

सनद मिळून मला तेव्हा जेमतेम दीड वर्ष झालं होतं. दादासाहेब वकिलांच्या हाताखाली मी शिकत होतो. ते एका अपिलासाठी दहा दिवस मुंबईला गेले होते आणि ऑफिस माझ्यावर सोपवलं होतं. काम काही नव्हतं. सकाळी टेबल पुसायचं, दौतीत शाई भरायची आणि जिन्याकडे बघत बसायचं.

तिसऱ्या दिवशी जिन्यावर पावलं वाजली. नाना आले. हाताला शाई, अंगाला रॉकेलचा वास. छापखान्यात शाईचे रूळ रॉकेलने पुसतात, त्यामुळे नाना दिसायच्या आधी कळायचे.

आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत त्यांचा छापखाना होता. एक खोली, एक ट्रेडल मशीन. ट्रेडल म्हणजे पायाने हाणायचं छपाईचं यंत्र, शिवणयंत्रासारखं, पण दहा माणसांच्या वजनाचं. लग्नपत्रिका, कापसाच्या जिनिंगवाल्यांच्या पावत्या, तमाशाच्या जाहिराती, सगळं त्यावर निघायचं. मला सनद मिळाली तेव्हा नानांनी माझ्या नावाची शंभर लेटरहेडं छापून आणून दिली होती. पैसे विचारले तर म्हणाले, "पहिली केस जिंका, मग देजा." त्या शंभरातली चारच तोवर खर्ची पडली होती.

"वकीलसाहेब, मुंबईहून पत्र शे," नाना म्हणाले. त्यांच्या बोलण्यात अहिराणी मिसळायची, 'आहे'चं 'शे' व्हायचं. "इंग्लिश शे. अक्षरं बठ्ठी वाचता येतात मला. अर्थ लागत नाही."

ही थट्टा नव्हती. नाना इंग्रजी मजकूर बिनचूक जुळवायचे. शिशाचं एकेक अक्षर, त्याला खिळा म्हणतात, उलटं बसवत ओळ तयार करायची. हाताला सवय होती. शब्द म्हणजे काय, याच्याशी हाताचा संबंध नव्हता.

पत्र एका वसुली कंपनीचं होतं. या कंपन्या बंद पडलेल्या दुकानांची जुनी खाती स्वस्तात विकत घ्यायच्या आणि मग देणेकऱ्यांना पत्रं टाकायच्या. जे घाबरतील ते देतील, असा सगळा मामला. नानांनी ट्रेडल मुंबईच्या ज्या दुकानातून हप्त्यांवर घेतलं होतं, त्या दुकानाचं खातं या कंपनीच्या हाती आलं होतं. बाकी दोनशे ऐंशी. व्याज धरून पाचशेच्या वर. पंधरा दिवसांत उत्तर द्या, नाहीतर कोर्टात भेटू.

"बाकी आहे का खरंच?"

"शे ना. मी मनिऑर्डर केली होती, ती परत आली. मालक वारला, दुकानाला कुलूप. मग मुलीचं लग्न निघालं, पैसे तिकडे गेले." नानांनी खिशातून परत आलेली पावती काढून टेबलावर ठेवली. "पण देणं शे ते शे. आता कोणीतरी विचारतंय, तर उत्तर गेलं पाहिजे. पत्राला उत्तर नाही म्हणजे माणूस मेला का, असं होतं."

पावतीवर पोस्टाचा गोल शिक्का होता. शिक्क्यात तारीख होती. मी ती पाहिली नाही. माझं लक्ष कुठे होतं, तेही सांगून टाकतो. इंग्रजी पत्र लिहायची ही माझी पहिली संधी होती.

"छान उत्तर देऊ," मी म्हणालो. "हप्ते मागून घेऊ."

दुपारभर मी मसुदा केला. भाषा अशी की मुंबईच्या सॉलिसिटरने वाचून विचारावं, हा कोण धुळ्याचा? त्यात लिहिलं की बाकी मान्य आहे आणि दिवाळीपासून हप्त्यांनी पूर्ण फेडण्याचं मी वचन देतो. 'वचन' हा शब्द मी तीनदा बदलून तिथे आणला. आधीचा शब्द मला मिळमिळीत वाटला होता.

नानांना म्हणालो, "यात नमस्कार आहे आणि सवलतीची विनंती आहे. खाली तुमची सही."

"हाती लिहिलेलं पाठवायचं?" नाना दुखावले. "छापखानेवाल्याचं उत्तर शे, वकीलसाहेब. छापीलच जाईल."

मी छापखान्यात गेलो. त्यांनी खिळे जुळवायला घेतले. नानांचा हात खिळ्यांच्या पेटीवर चालायचा तो बघत राहावा असा. चिमणी दाणे टिपते तसा. बाहेर कुणीतरी कपाशीच्या गाडीच्या बैलांना ओरडत होतं. नानी आतून चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "इतकं मन लावून पोरीची पत्रिका नव्हती छापली यांनी!" नाना मान वर न करता म्हणाले, "तिचा सासरा वाचणारा नव्हता. हे मुंबईचे लोक शेत." आम्ही तिघे हसलो. त्या खोलीइतकं हलकं मला नंतर कुठल्या कोर्टात वाटलं नाही.

मजकुराला त्यांनी वेलबुट्टीची चौकट घातली. वर बारीक गणपती. पहिला कागद काढून माझ्या हातात दिला. "प्रूफ बघा नीट. एकदा छापलं की छापलं."

मी नीट बघितलं. एक स्वल्पविराम सुधारला.

नानांनी मराठीत सही केली, झोकदार. पत्र रजिस्टर्ड पोस्टाने गेलं. कंपनीचं उत्तर आलं नाही. दिवाळी आली तेव्हा नानांनी पहिला हप्ता पाठवला, तो कंपनीने परत केला. तिला हप्ते नको होते. तिला ते पत्र हवं होतं.

पुढच्या संक्रांतीच्या सुमाराला समन्स आलं. सगळ्या रकमेचा दावा. दादासाहेबांनी नानांना समोर बसवलं, मनिऑर्डरीची पावती उजेडात धरली आणि सगळ्यांत आधी तारीख वाचली. मग छापील पत्राची नक्कल वाचली. चष्मा काढला.

आता कायद्याचं थोडं सांगतो. अशा बाकीसाठी दावा लावायला तीन वर्षांची मुदत असते. तेवढ्यात लावला नाही तर देणं राहतं, पण कोर्टाचं दार बंद होतं. याला आम्ही मुदतबाह्य म्हणतो. नानांच्या देण्याला पाच वर्षं होऊन गेली होती. कंपनीच्या पत्राला उत्तरच दिलं नसतं तरी चाललं असतं. मात्र देणेकऱ्याने 'मी फेडीन' असं लिहून खाली सही केली, तर कायदा त्याला नवा करार मानतो. बंद दार पुन्हा उघडतं. हे कलम मी परीक्षेला पाठ केलं होतं. त्यावर मला चांगले मार्कही पडले होते.

"हे मेलेलं देणं जिवंत कोणी केलं?" दादासाहेबांनी विचारलं. "ही भाषा तुमची नाही, नाना. कोणी लिहून दिलं?"

मी त्यांच्या डावीकडे फाईल घेऊन उभा होतो. पत्र माझ्या लेटरहेडवर नव्हतं. मसुदा नानांकडे राहिला होता. मी म्हणालो, "साहेब, पक्षकाराने परस्परच छापून पाठवलं."

बोलून गेलो. परत घेता आलं असतं. खोलीत तिघंच होतो आणि कुणालाच घाई नव्हती.

नानांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग दादासाहेबांना म्हणाले, "हो साहेब. मीच छापलं."

"अहो, पण विचारायचं तरी! हा बसला होता ना ऑफिसात, वकील आहे तो!"

"चुकलं साहेब," नाना म्हणाले.

जिन्यापर्यंत मी त्यांना सोडायला गेलो. मला वाटलं, आता बोलतील. ते हळूच म्हणाले, "तुमचं आत्ताच सुरू झालंय भाऊ. मनं काय, अर्धं आयुष्य झालं." आणि खाली उतरले.

निकाल जायचा तसा गेला. मुद्दल, व्याज, वर कोर्टखर्च. जप्तीचा बेलिफ दारात येऊ नये म्हणून नानांनी मशीन आपणच विकलं. जळगावच्या एका छापखान्याने घेतलं. पण ते मशीन हट्टी होतं, डाव्या रुळाला खाली पुठ्ठ्याचा तुकडा लावल्याशिवाय शाई सारखी लागायची नाही. नव्या मालकाला ते जमेना. त्याने नानांनाच पगारावर बोलावून घेतलं. स्वतःच्या मशीनवर नाना नोकर झाले.

एका केससाठी जळगावला गेलो असताना मी तिथे डोकावलो होतो. नानांचा पाय तालात चालू होता. मला बघून मालकाला म्हणाले, "हे आमचे धुळ्याचे वकील. अर्ध्या तासाची सुट्टी द्या." मला वांग्याचं भरीत खाऊ घातलं, पैसे देऊ दिले नाहीत. मी सांगायचंच ठरवून गेलो होतो. नाना नानीच्या गुडघ्यांबद्दल बोलत राहिले. मग माझी गाडीची वेळ झाली.

बरीच वर्षं मी स्वतःची समजूत घातली, की नानांनी पैसे तसेही फेडलेच असते. फेडले असते हे खरं. पण दोनशे ऐंशी, आपल्या सवडीने, आपल्या मशीनवर छापून मिळवलेले. ही समजूत फार दिवस पुरत नाही.

आता माझे केस पांढरे झाले. दादासाहेब गेले. त्यांच्या खुर्चीत मी बसतो. हाताखाली येणाऱ्या नव्या वकिलांना मी एवढंच शिकवतो: मागणीचं पत्र आलं की मजकुराआधी देणं कधीचं आहे ते विचारा. ते मान डोलावतात. ही साधी गोष्ट मी इतक्या कडक आवाजात का सांगतो, ते त्यांना कळत नाही.

नाना दोंडाईच्याला मुलीकडे असतात. नजर अधू झाली आहे म्हणतात. हे कुणीतरी त्यांना वाचून दाखवील. ते पत्र मी लिहिलं होतं, नाना, आणि दादासाहेबांसमोर मी खोटं बोललो.

शंभर लेटरहेडांचे पैसे द्यायचे राहिले आहेत. आणि चालू स्थितीतलं एक ट्रेडल मशीन.