तोकुजींचं पथ्य

शिझुओकाच्या डोंगरउतारावर तोकुजींचा चहाचा मळा. चहाची जात 'शिझु ७१३२'. नाव कैद्याला शोभावं असं, पण कपातून वास यायचा थेट साकुरामोचीचा, म्हणजे चेरीच्या खारवलेल्या पानात गुंडाळलेल्या गोड चिकट भाताचा. डॉक्टरांनी गोड बंद केलं आणि ही जात तोकुजींच्या अगदी पथ्यावर पडली.

"अहो, पुन्हा मोची हाणलीत ना?" बायको किनुए तोंडाचा वास घेऊन विचारायची.

"छे गं! आपलाच चहा प्यायलो."

बिचारीला ते पटायचं. काल मात्र तिने त्यांची मिशी नीट निरखली.

"यंदा चहाच्या झाडांना शितं धरली वाटतं?"

"खत बदललंय ना!" म्हणत तोकुजींनी जिभेने पुरावा मिटवला.