शेवंताबाई लुंगर्नला उतरल्या

अमळनेरजवळच्या आपल्या गावात भाईदास पाटील युरोपची गोष्ट सांगू लागले की पॅरिसमध्ये फार रेंगाळत नाहीत. ते थेट स्वित्झर्लंडच्या आगगाडीत शिरतात आणि गोष्ट त्यांच्या बायकोची होऊन जाते.

शेवंताबाईंचा सारा जन्म कपाशीच्या शेतात गेला. प्रवास घडले ते दुसऱ्यांनी ठरवलेले. कधी लग्नाचं वऱ्हाड, कधी देवदर्शनाची बस. कुठे थांबायचं, कधी निघायचं, हे दुसरंच कुणीतरी सांगणार आणि त्या पिशवी उचलून गाडीत चढणार. युरोपची सहलही तशीच ठरली. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाने, हितेंद्रने, प्रत्येक मुक्कामाचं हॉटेल आधीच बुक केलं. परक्या मुलखात बॅगा घेऊन दारोदार फिरायला नको, हे त्याचं म्हणणं भाईदासांना पुरतं पटलं होतं.

ल्युसर्नहून इंटरलाकेनला जाताना गाडी डोंगर चढली आणि खाली तळं दिसलं. काठाला चर्च, उतारावर कापून वाळत टाकलेलं गवत. लुंगर्न नावाच्या लहानशा स्टेशनात गाडी थांबली तशा शेवंताबाई उठल्या.

"अहो, आठेच उतरूत."

"अवं, आपली खोली पुढला गावले शे!"

"ती खोली हितेंद्रनी निवडी. हाई गाव मी निवडस."

आणि त्या बॅग घेऊन फलाटावर उतरल्यासुद्धा. भाईदास मागोमाग धावले. रेल्वेचा पास असल्यामुळे तिकिटाची काळजी नव्हती. काळजी होती डोक्यावरच्या छपराची.

पहिल्या गेस्टहाऊसमध्ये लग्नाची मंडळी उतरलेली. दुसऱ्याला कुलूप. भाईदासांचा पारा चढू लागला. "चला परत स्टेशनवर," ते म्हणाले. पण शेवंताबाईंचं लक्ष भलतीकडेच होतं. डोंगरावरून काळे ढग उतरत होते आणि एक म्हातारी बाई एकटीच लाकडी दाताळ्याने वाळलेलं गवत गोळा करत होती. शेवंताबाईंनी बॅग कुंपणाशी टेकवली, पदर खोचला, गोठ्याच्या भिंतीला लावलेल्या दुसऱ्या दाताळ्याकडे बोट दाखवलं. म्हातारीने आधी चकित होऊन पाहिलं, मग मान हलवली.

भाईदास थोडा वेळ तोंड फुगवून उभे राहिले. मग त्यांचंच त्यांना कसंतरी वाटलं आणि तेही गवताचे भारे उचलून गोठ्यात टाकू लागले. शेवटचा भारा आत गेला तेव्हा थेंब पडायला लागले होते. तिघंही धापा टाकत हसत होती.

म्हातारीने खुणेनेच विचारलं, राहता कुठे? भाईदासांनी मोबाईलवर भाषांतर करून दाखवलं: अजून कुठेच नाही. तिने शेजारणीला हाक मारली. शेजारीण पाहुण्यांना खोली भाड्याने देत असे. माडीवरची खोली, खिडकीत तळं.

ते आत टेकतात न टेकतात तोच हितेंद्रचा फोन. "आई, हॉटेलवाले विचारतायत तुम्ही कुठे आहात! हरवलात का?"

"हरपनूत नही रे भाऊ," शेवंताबाई म्हणाल्या, "थांबेल शेतस."

भाईदास बायकोकडे बघतच राहिले. एवढा संसार झाला, पण कुठे थांबायचं ते तिला त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. आज तिने न विचारता सांगितलं, आणि केवढ्या डौलात! दुसऱ्या दिवशी तळ्याच्या काठाने चालताना त्या पुढे होत्या आणि ते मागे. त्यांना ते फार आवडलं.

पुढे व्हेनिसला मात्र ते भर पावसात पोचले. गल्ल्यांत माणसांची ही गर्दी, पुलांवरून बॅगा ओढून दोघांचे हात भरून आलेले. हॉटेलात त्यांच्या नावाची खोली तयार होती. शेवंताबाईंनी आपण होऊन मुलाला फोन लावला. "बरं करं रे तू. मोठा शहरमा खोली आधीच घेवाले पाहिजे."

परतल्यावर पुतणी कामिनी विचारायला आली. तिलाही नवऱ्याबरोबर युरोपला जायचं होतं. "काकू, हॉटेलं सगळी आधीच बुक करू का?"

भाईदास उत्तर द्यायला सरसावले, मग थांबले आणि खुर्ची बायकोकडे सरकवली. "हिलेच इचार. गाव निवडाना हिना हात कोनी धरू शकत नही."

शेवंताबाई खुर्चीत ऐसपैस बसल्या आणि कामिनीला म्हणाल्या, "आधी सांग, तुले सोताले काय देखनं शे?"