कपाशीच्या तासातली 'सेंद्रिय' बरबटी

१. बहीण बाळंतपणासाठी माहेरी आली आहे. तिच्यासाठी मी आपल्या वणीतल्याच, 'सेंद्रिय'ची पाटी लावलेल्या एका दुकानातून भाजी आणते, बाजाराच्या दुप्पट भावाने.

२. आज बरबटीच्या, म्हणजे चवळीच्या, शेंगांना फवारणीच्या औषधाचा वास आला. मी दुकानदार काकांना विचारलं, या कुठल्या?

३. "माह्याच वावरातल्या. कपाशीच्या तासात, ओळींच्या मधात लावल्या हायेत."

"आणि कपाशीवर फवारणी?"

"ते त करावंच लागते. पण फवारा कपाशीवर मारतो, शेंगांवर नाही. तू केमिस्ट्री शिकली ना पोरी, मंग कपाशी खाऊ नको म्हणून अळीले शिकवणी लाव!"

गिऱ्हाइकं हसली. मी पिशवी काउंटरवर रिकामी केली.

फवाऱ्याला बोंड आणि शेंग वेगळी ओळखता येत नाहीत.

मग बाजारात गेले. तिथल्या शेंगाही कपाशीतल्याच निघाल्या, पण विकणाऱ्या मावशींनी ते आधीच सांगितलं. त्यांच्याकडे 'सेंद्रिय'ची पाटी नव्हती.

काका, तुम्ही या ग्रुपवर आहात. घरी खायला कपाशीत बरबटी सगळेच लावतात. ती सेंद्रिय म्हणून गरोदर बाईसाठी विकायला माझी हरकत आहे. पाटी काढणार की नाही? रविवारपर्यंत इथेच उत्तर द्या.