स्कॉलरशिपच्या बाईंचे निरोप

आमच्या कॉलेजातल्या स्कॉलरशिपच्या बाई नसत्या, तर माझी बहीण पदवीधर झाली नसती. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं त्यांच्याविषयी मी जे सांगणार आहे त्यात तक्रारीच जास्त आहेत, आणि वाचणाऱ्याला वाटायचं की हा माणूस उपकार विसरला. विसरलेलो नाही. पण माणसाचं भलं करता करता त्याला इतकं छळणारी दुसरी बाई अख्ख्या घाटकोपरात सापडायची नाही, हेही तितकंच खरं.

मी तिथं शिपाई. सातवीतून शाळा सोडलेली, गाव सावंतवाडीच्याही पलीकडं, आणि नोकरी कधी जाईल ही धास्ती कायमची. बाई ऑफिसात खिडकीजवळच्या टेबलावर बसायच्या. गरीब मुलांना सरकारकडून मिळणारी शिष्यवृत्ती आणि फीची सवलत, त्यांचे फॉर्म भरून घ्यायचे आणि वर पाठवायचे, एवढंच त्यांचं काम. दुसरं कुणीही ते उरकून पाचला घरी गेलं असतं. पण मंजूर झालेला पैसा घ्यायला मुलगा आलाच नाही आणि मार्चअखेर तो परत गेला, की बाईंना दोन दिवस जेवण जायचं नाही. “सरकारला काय भूक लागलीय का रे?” असं मला विचारायच्या, जणू मीच सरकार. फॉर्म ऑफिसच्या कपाटात ठेवण्याइतका त्यांचा कपाटावर विश्वास नव्हता. ते साडीच्या खोक्यात घालून, वर नाडी बांधून, रोज गोरेगावला घरी न्यायच्या आणि सकाळी परत आणायच्या. बस स्टॉपपर्यंत खोका मी धरायचा, तोही आडवा. जरा उभा झाला की म्हणायच्या, “अरे, पोरांची वर्षं आहेत त्यात.”

पण खरा छळ निरोपांचा. सवलत मिळालेल्या मुलांची यादी फळ्यावर लावायची अशी कॉलेजची पद्धत होती. हेडक्लार्क यादी लावायचे आणि बाई काढून आणायच्या. कुणाच्या घरी काय शिजतं ते सगळ्या कॉलेजला कशाला कळायला हवं, असं त्यांचं म्हणणं. मग एकेकाला वर्गातून बोलवायचं, आणि बोलवतानासुद्धा स्कॉलरशिपचं नाव काढायचं नाही. त्यासाठी बाई रोज नवी थाप तयार करायच्या आणि ती मारायची मी. एकदा भर तासाला आत जाऊन सांगितलं, “सर, रोल नंबर एकवीसची चप्पल ऑफिसात सापडली.” त्या मुलानं खाली पाहिलं. दोन्ही पायांत चपला. सगळा वर्ग हसून लोळला. बाईंना येऊन सांगितलं तर माझ्यावरच उखडल्या, म्हणे छत्री सांगायची होतीस, अक्कल नको? पुढं पुढं एका प्राध्यापकांनी मला थांबवून विचारलं की याच वर्गाच्या वस्तू एवढ्या कशा हरवतात, ऑफिसात चोर कोण आहे. आणि एका मुलीची कंपासपेटी खरोखरच हरवली, तर ती तीन दिवस माझ्यासमोर येऊन उभी, की तुमच्याकडं सगळं सापडतं, माझंच का नाही?

कॉलेजात न येणाऱ्या मुलांच्या घरीही मलाच धाडायच्या. देवनारला एका मुलाच्या वडलांची सही आणायला गेलो, तर ते म्हणाले, आधी जेव. मी म्हटलं, आधी सही. कारण तशीच ताकीद होती. दोन तास आम्ही दोघे उपाशी, भात समोर निवतोय.

एवढं सगळं करून मी बाईंपासून एक गोष्ट लपवली होती. माझी धाकटी बहीण कुसुम त्याच कॉलेजात पहिल्या वर्षाला होती. तिला बजावलं होतं, कॉलेजात मला ओळख दाखवू नकोस. बिचारी मान खाली घालून माझ्या शेजारून जायची. फीचा दुसरा हप्ता मला झेपणार नव्हता, म्हणून दिवाळीला कॉलेज सोडवून तिला गावी धाडायचं मी मनात ठरवलं होतं. बाईंनी रजिस्टरात आडनाव आणि गाव पाहिलं आणि मला समोर बसवलं. इतकं संतापलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. लोकांच्या पोरांसाठी उन्हातान्हात फिरतोस आणि घरच्या पोरीचा फॉर्म नाही?

मग मी सांगितलं. गावच्या शाळेत गुरुजी दर महिन्याला फीमाफीच्या मुलांना ‘नादारीवाले उभे राहा’ म्हणायचे. आम्ही तिघं उभे राहायचो आणि बाकीचे मोजायचे. एक दिवस उभा राहिलो तो तसाच चालत बाहेर पडलो, परत गेलो नाही. कुसुमचं नाव असल्या कुठल्या यादीत मला नको होतं.

बाईंनी खोक्याची नाडी सोडून एक कोरा फॉर्म वर काढला. मग म्हणाल्या, “जा. रोल नंबर त्रेसष्टला सांग, तुझा भाऊ भेटायला आलाय.”

मी हात जोडले, चप्पल सांगतो म्हटलं, छत्री सांगतो म्हटलं. ऐकतील तर बाई कसल्या. गेलो. दारात उभा राहून सांगितलं. वर्गानं माझ्या मागं वाकून पाहिलं, भाऊ कुठं दिसेना. सर म्हणाले, “कुठंय भाऊ?” मी चौकटीआड सरकलो. इतक्यात कुसुम उठली आणि सरळ आवाजात म्हणाली, “सर, हाच माझा भाऊ. जाऊ?”

कुणी हसलं नाही. बाहेर आल्यावर मात्र तिनं मला गावच्या बोलीत झापलं, “दादा, एवढो घाबरतस कित्याक?”

तिनं फॉर्मवर सही केली. मी पालक म्हणून केली. बाईंनी कागद दाबून धरला, आणि अक्षर घाणेरडं काढलंस म्हणून वर बोलल्याही.

कुसुम आता मुलुंडला शाळेत शिकवते. बाई निवृत्त होऊन दीड वर्ष झालं. परवा गोरेगावला भेटायला गेलो तेव्हा कळलं, त्यांच्या पेन्शनची फाइल एका कचेरीत अडकून पडलीय आणि बाई तिकडं फिरकलेल्याच नाहीत. असा राग आला. विचारलं, तर चहा गाळता गाळता म्हणाल्या, “जाईन रे. तिथं बाकावर बसवतात, चारचौघांत नाव पुकारतात. नको वाटतं.” आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदांसाठी मला दारोदार पळवणारी ही बाई! पण नको वाटणं म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे.

त्यांना मी काही कबूल केलेलं नाही, पण इथं लिहून ठेवतो. रजा टाकून मी त्या कचेरीत जाणार आहे. पहिल्या खेपेला काम होणार नाही, दहाव्या खेपेला होईल. आणि तिथं कुणी बाईंचं नाव मोठ्यानं पुकारलं, तर सगळ्यांदेखत मी उभा राहीन.