चाकावरचा तळवा

खाणीवरून फरशा घेऊन उतरलेली पिकअप यार्डात शिरली, की ड्रायव्हरने इंजिन बंद करून खाली उतरावे, चार पावले मागे सरावे आणि गप्प उभे राहावे, असा तिथला अलिखित नियम होता. मग डिझेलच्या पंपाकडून एक किरकोळ बांध्याची बाई येई, मागच्या चाकाशी उकिडवी बसे आणि चाकाच्या मधोमध, जिथे आत ब्रेकचा ड्रम फिरतो, त्या लोखंडावर डावा तळवा टेकवी. लोखंड कोमट असेल तर ती उठून पंपाकडे वळे. चटका बसला तर ड्रायव्हरकडे पाहून दोनच शब्द बोले, "हात लावा."

ड्रायव्हरला तिथे हात लावावा लागे, तिचे मनातल्या मनात पाचपर्यंत मोजून होईस्तोवर. जो लावीत नसे त्याच्यासाठी तिच्याजवळ टॉमी असे. चाके खोलायची हातभर लांबीची ही लोखंडी दांडी ती काखेत धरून चाले, जशी दुसरी एखादी बाई छत्री धरून चालेल. सतरा ड्रायव्हरांपैकी अकरा जणांच्या तळव्यांवर डाग होते. सगळ्यांत म्हातारा ड्रायव्हर, ज्याला यार्डात आजोबा म्हणत, तो सांगे, "आपल्याकडं ज्योतिषी उपाशी मरेल. एकाच्याही हातावर रेषा शिल्लक नाही."

तिला सगळे वहिनी म्हणत, कारण तिचा धाकटा दीर तिथेच गाडी चालवी आणि तो वहिनी म्हणे. वयाने वडील असलेला मालकसुद्धा वहिनीच म्हणे, जरा जपून.

घसरगुंडी नावाने ओळखला जाणारा एक ड्रायव्हर मोठा चलाख होता. उतार संपल्यावर ओढ्याकाठी थांबून तो चाकांवर दोन बादल्या पाणी ओते आणि थंडगार चाके घेऊन यार्डात येई. हे चार दिवस चालले. पाचव्या दिवशी वहिनी उकिडवी बसलीच नाही. बाकी गाडीवर बोटभर धूळ आणि मागची दोन चाके आरशासारखी, हे तिने उभ्याउभ्याच पाहिले.

"चाकं धुतलीत," ती म्हणाली, "तोंड राहिलं." आणि टॉमीच्या एका फटक्यात तिने त्याचे पुढचे दोन दात पाडले.

हे असे का चालत असे, हे समजायला आठ वर्षे मागे जावे लागते.

मालकाने तेव्हा ऑफिसच्या भिंतीवर एक फळा टांगला होता. दर महिन्याला त्यावर प्रत्येक गाडीचा नंबर आणि तिचे अ‍ॅव्हरेज, म्हणजे एका लिटरला किती किलोमीटर, हे खडूने लिहिले जाई. पहिल्याला सुट्टीचा वार निवडता येई. शेवटच्याला सगळ्यांच्या गाड्या धुवाव्या लागत. त्या फळ्यावर सलग सात महिने पहिला होता वहिनीचा नवरा. खाणीपासून यार्डापर्यंत आठ किलोमीटरांचा सलग उतार. वरच्या फाटकातून बाहेर पडताच तो गाडी न्यूट्रलमध्ये टाकी आणि नऊ मिनिटांत खाली येई. त्याच्या आधीच्या पिढीचे ड्रायव्हरही असेच येत. न्यूट्रलमध्ये डिझेल वाचते, ही गोष्ट तिथे कुणी कुणाला शिकवीत नसे; पोहता येणाऱ्याला पाणी ठाऊक असते, तशी ती सगळ्यांना माहीत असे.

आठव्या महिन्यात तिसऱ्या वळणावर ब्रेक तापून निकामी झाले. गाडी दगडी कठड्यावर आदळून थांबली. मागे रचलेल्या फरशा मात्र थांबल्या नाहीत. केबिनची मागची भिंत फाडून त्या आत आल्या आणि त्याच्या पाठीतून आरपार गेल्या. त्याला बाहेर काढायला दोन तास लागले. डावा हात गिअरच्या दांडीवर इतका आवळला होता, की बोटे एकेक करून सोडवावी लागली. मिस्त्रीने नंतर गिअरबॉक्स उघडला, तेव्हा आतल्या चाकांचे दात खरवडून गेले होते. त्या वेगात गिअर पडत नाही. तो शेवटपर्यंत टाकून पाहत होता.

मालकाने वहिनीला यार्डातल्या पंपावर नोकरी दिली. दीर तेव्हा अठरा वर्षांचा होता. फरशा कापायच्या शेडमागे दोन खोल्या होत्या. करवत चालू झाली की मांडणीवरची भांडी थरथरत आणि दर सकाळी ताटांवर पांढरी धूळ बसलेली असे. ती पुसून वहिनी दोघांचे जेवण वाढी. घरात तिचा आवाज कधी चढला नाही. दिराला ती "भाऊजी" आणि "तुम्ही" म्हणे. हाताखाली वाढलेल्या मुलाला कोण असे म्हणते, असे शेजारणीने एकदा विचारले, तर म्हणाली, "नातं वयावर नसतं."

टाकी भरण्याचे काम तिने फार कसून शिकून घेतले. गाडी दर वेळी खडूच्या त्याच खुणांवर उभी करायची, डिझेल गळ्यापर्यंत भरायचे, फेस बसू द्यायचा, मग मापाच्या भांड्याने पुन्हा गळ्यापर्यंत. ड्रायव्हर सांगतात ते अ‍ॅव्हरेज, कंपनीच्या कागदावरचे अ‍ॅव्हरेज आणि टाकीचे अ‍ॅव्हरेज ही तीन भावंडे एकमेकांचे तोंड पाहत नाहीत, हे तिला वर्षभरात कळले. "कागदावरची गाडी कागदावरच धावते," ती म्हणे. आणि आणखी एक गोष्ट तिला खटकू लागली. न्यूट्रलवाल्यांच्या टाक्या इतरांपेक्षा कमी पीत नव्हत्या.

तिने मिस्त्रीला गाठले. "न्यूट्रलमध्ये खरंच डिझेल वाचतं का?"

"सगळे म्हणतात तसं."

"तुम्ही काय म्हणता?"

"मी कशाला कुणाच्या श्रद्धेला पाना लावू?"

"मिस्त्री."

तेव्हा त्याने गाडीला जोडायचे एक यंत्र आणले, ज्याच्या काचेवर इंजिन त्या क्षणी किती डिझेल घेते आहे ते दिसे. वहिनी त्याच्या शेजारी बसली. उतारावर त्याने न्यूट्रल टाकले. काचेवर ताशी पाऊण लिटर दिसू लागले. मग त्याने तिसरा गिअर टाकला आणि पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढून घेतला. काचेवर शून्य आले. वळणामागून वळण गेले, शून्य हलले नाही.

"गिअरमध्ये असली की चाकंच इंजिनला फिरवतात," मिस्त्री सांगू लागला. "त्याला डिझेल लागतच नाही. वर ते गाडीला धरूनही ठेवतं, ब्रेकला आराम. न्यूट्रलमध्ये त्याला फिरवणारं कोणी नाही. जिवंत राहायला प्यावंच लागतं."

"म्हणजे हे गेले ते काही वाचवता वाचवता नाही गेले."

"वहिनी, जाऊ द्या."

"जास्तीचं जाळून गेले."

यार्डात उतरल्यावर तिने पहिली हाताला लागलेली टॉमी उचलली आणि तो फळा फोडला. मधे पडलेल्या मिस्त्रीचे गळ्याजवळचे हाड मोडले. त्याने तक्रार केली नाही. कोणी विचारले तर खांदा चोळीत म्हणे, "खरं बोलायची फी." मालकाने दुसरा फळा आणला, या वेळी पत्र्याचा. त्या दिवसापासून वहिनी चाकांना हात लावू लागली, आणि त्यानंतर उतारावर एकाही गाडीला अपघात झाला नाही, म्हणून मालक तिच्या टॉमीकडे कानाडोळा करीत राहिला.

दीर सव्विसाव्या वर्षी त्या गाड्यांवर मुरला होता. त्या साली मालकाने नवी पिकअप घेतली, सपाटीवरच्या लांबच्या शहराकडे माल नेण्यासाठी. तिला उतार लागणार नव्हता. जो उत्तम अ‍ॅव्हरेज काढील त्याला ती मिळणार होती. तीन महिन्यांत फळ्यावर पहिले येतील ते तिघे शेवटच्या दिवशी चार-चार खेपा करतील आणि टाकी निकाल देईल, असे ठरले.

त्या दिवशी जेवताना वहिनी म्हणाली, "भाऊजी, ती गाडी तुम्हाला मिळाली पाहिजे. तुम्ही त्या उतारावरून उठलेले मला बघायचेत."

"मिळेल की."

"न्यूट्रल न टाकता."

तिने त्याची गाडी हातात घेतली. टपावरचा लोखंडी कॅरिअर उतरवला. तो रिकामा असला तरी वाऱ्याशी कुस्ती खेळतो. सीटमागून एक साखळदंड, जुनी बॅटरी आणि दोन फुटक्या फरशा निघाल्या. "हे कोणाचं बिऱ्हाड वाहताय?" तिने विचारले. हवा रोज सकाळी, टायर गार असताना. खाणीवर रांगेत उभे असताना इंजिन बंद. मग सुट्टीच्या दिवशी ती शेजारी बसली, मांडीवर टॉमी घेऊन. चढावर पाय एकसारखा, इंजिन कण्हायच्या आत खालचा गिअर, पण घाईने नाही. गतिरोधक दिसला की दुरूनच पाय काढून घ्यायचा. जेव्हा जेव्हा त्याने विनाकारण ब्रेक दाबला, तेव्हा तेव्हा टॉमी त्याच्या गुडघ्यावर बसली.

"वहिनी, दुखतंय."

"दुखायलाच मारलं, भाऊजी. पुढं बघा."

महिनाभरात त्याचा गुडघा नारळाएवढा झाला आणि गाडी दहावरून बारावर गेली. शेवटच्या तिघांत तो, आजोबा आणि घसरगुंडी असे उरले.

शेवटच्या दिवशी दुपारी खाणीवर माल भरून होण्याची वाट पाहत घसरगुंडी दिराजवळ आला. पडलेल्या दातांमुळे त्याचा शब्द शीळ घालीत बाहेर पडे.

"काय रे, वहिनीचं बोट धरूनच उतरणार का जन्मभर?"

दिराने बोलण्यात वेळ घालवला नाही. कपाळ त्याच्या नाकावर हाणले. दोघे फरशांच्या चुऱ्यात लोळले; घसरगुंडीने त्याचा कान चावला, दिराने त्याचे डोके दोनदा दगडावर आपटले, तेव्हा हमालांनी त्यांना ओढून वेगळे केले. घसरगुंडी रक्त पुसत उठला आणि अगदी शांतपणे म्हणाला, "मार. पण तुला खाली जायला सोळा मिनिटं लागतात. तुझा भाऊ नऊ मिनिटांत जायचा."

थोड्या वेळाने घसरगुंडी गेला. मग खालून फोन आला, की आजोबांची टाकी भरून झाली, पाच लिटर तीनशे मिली. घसरगुंडी पाच लिटर सहाशे. दिराची शेवटची खेप उरली होती. तीनशेच्या आत येणे अवघड नव्हते. पण कानातून रक्त गळत होते आणि त्यात नऊ मिनिटे वाजत होती. सगळे आयुष्य ज्यात डिझेल वाचते असे ऐकले, ते एकदाच, शेवटच्या खेपेला करून पाहावे, असे त्याला वाटले. वहिनीचे शून्य त्याने स्वतः पाहिलेले नव्हते.

वरच्या फाटकावरून फोन आला, चार वाजून दहा मिनिटांनी गाडी सुटली. चार वाजून एकोणीस मिनिटांनी ती यार्डात शिरली. मागच्या चाकांतून धूर येत होता.

वहिनी चालत गेली, उकिडवी बसली आणि तळवा टेकवला. तिने तो उचललाच नाही. मांस भाजल्याचा वास मागे उभ्या असलेल्या सगळ्यांना आला.

"वहिनी, हात काढा," दीर म्हणाला. "वहिनी."

तिने हात काढला तेव्हा थोडी कातडी लोखंडावरच राहिली. ती उठली. "भाऊजी, हात पुढं करा."

चाकाला लावायचा असेल म्हणून त्याने उजवा हात पुढे केला.

"तो नाही. गिअरचा."

त्याने डावा हात दिला. तिने तो गाडीच्या मागच्या फाळक्यावर नीट ठेवला, जसे एखाद्याचा हात धरून त्याला बसवावे, आणि टॉमीचे दोन घाव मनगटावर घातले. शेडमध्ये करवत चालू होती, तरी हाड मोडल्याचे ऐकू आले. त्याने हात मागे घेतला नव्हता. खाली बसल्यावर तो म्हणाला, "तिसऱ्या वळणावर पेडल तळाला गेलं, वहिनी. गिअर पडेना. दगडाच्या ढिगाला घासत नेली, तेव्हा कुठं वेग मोडला नि ब्रेक धरले. तेच सांगणार होतो, की आता कधी नाही."

गाडीची डावी बाजू पुढून मागेपर्यंत सोलून निघाली होती. ते तोवर कोणीच पाहिले नव्हते, तिनेही नाही.

वहिनीने त्या बाजूकडे पाहिले. मग मिस्त्रीला म्हणाली, "ह्यांना दवाखान्यात न्या." आणि पंपाची नळी ओढली. गळ्यापर्यंत भरले, फेस बसू दिला, उजव्या हाताने मापाचे भांडे धरून पुन्हा भरले. तिचा डावा हात सुटा लोंबत होता. "पाच लिटर तीनशे ऐंशी," तिने सगळ्यांना ऐकू जाईल असे वाचले. ऐंशी मिली, अर्धा कप चहाएवढे. नऊ मिनिटांचे न्यूट्रल त्याहून थोडे अधिक पिते, हे मिस्त्रीला माहीत होते. दिराला जीपमध्ये बसवताना तो ते बोलला नाही. आजोबांना नवी गाडी मिळाली. ते म्हणाले, "मी काही केलं नाही. मी फक्त रांगेत झोप आली की इंजिन बंद करायचो."

दिराचे मनगट वाकडे सांधले. त्याला गिअर टाकता येत नाही. मालकाने त्याला खाणीच्या वरच्या फाटकावर बसवले, गाडी सुटली की खाली फोन करायला. वहिनीला हवे होते तेच झाले. तो उतारावरून उठला. घरी ती घास कालवून देई, तो खाई. तीन महिने त्यांच्यात एक शब्द झाला नाही. नंतरही फोनवर होत तेवढेच.

"सुटली."

"किती वाजता?"

"नऊ पाच."

वहिनीच्या डाव्या तळव्याला आता काही कळत नाही. उकळते भांडे धरले तरी ती खाली पाहते तेव्हा तिला समजते. चाकांना ती उजवा हात लावते, पण त्याला सवय नाही. कधी कधी दोनदा लावते, आणि दुसऱ्यांदा लावताना ड्रायव्हरच्या चेहऱ्याकडे पाहते.

एका सकाळी नेहमीसारखा फोन वाजला.

"सुटली. नऊ पाच."

तिने बरे म्हटले. फोन ठेवला गेला नाही. पलीकडून वाऱ्याचा आवाज येत होता आणि त्यात लांब जाणाऱ्या एका इंजिनाचा, बांधून ठेवल्यासारखा, खालच्या सुरातला.

"गिअरमध्ये गेलीय, वहिनी," तो म्हणाला. "पहिल्या वळणापर्यंत ऐकली मी."

गाडी सोळा मिनिटांनी आली. वहिनी टॉमी पंपाशी टेकवून ठेवून चाकाकडे गेली.