पेंटरची खालची ओळ

आमच्या गल्लीतल्या पेंटरला पाट्यांच्या फळ्या मीच करून द्यायचो. मी सुतार, आता घरी बसलेला. तो फळीवर बोट फिरवून नाक मुरडायचा, मी त्याच्या अक्षरांना नाक मुरडायचो. अशी आमची मैत्री.

माणूस हाताने चोख, डोक्याने भलतीकडे. ब्रश हातात आला की वाचत नाही, नुसता लिहितो. दुकान किराणाचं असो नाहीतर केस कापायचं, पाटीच्या तळाला त्याची ओळ ठरलेली: 'आमची कोठेही शाखा नाही.' गिऱ्हाईकाने सांगितलेलं नसलं तरी.

"त्याशिवाय पाटी पुरी झाल्यासारखी वाटत नाही," म्हणायचा.

त्या वर्षी सरकारने आपलं सैन्य परक्यांच्या युद्धात धाडलं. कशासाठी, ते कुणालाच धड सांगता येईना. पेंटरचा थोरला सैन्यात, तोही गेला. धाकटी कॉलेजात, ती युद्धाविरुद्धच्या मोर्चात सगळ्यांच्या पुढे. पेंटर मधल्या मधे ब्रश धूत बसलेला.

एके सकाळी धाकटी कापड घेऊन आली. मीही तिथेच होतो.

"बाबा, मोर्चाचा फलक लिहून द्या ना."

"तुमच्यात कुणाला लिहिता येत नाही?"

"'युद्ध'मधला द्ध कुणाला जमत नाही. वाचणाऱ्याला वाटतं, दूध मागतोय."

"मला सांगू नकोस. तिकडे दादा बंदूक घेऊन उभा आणि इकडे बाप त्याच्याविरुद्ध पाट्या रंगवतोय? उद्या पोरगा विचारेल, बाबा, तुम्ही कुणाचे? काय सांगू?"

"त्याच्याविरुद्ध कुठे? त्याला परत आणा, एवढंच तर लिहायचंय."

आतून वहिनी म्हणाल्या, "लिहा हो. माझ्या डब्यांवर नावं घालायची राहिली ती राहिलीच. हात कुठेतरी चालू देत."

पेंटर बसला. मोर्चातल्या पोरांनी आणलेल्या काठ्या माशा हाकलायच्या लायकीच्या होत्या. त्या फेकून मी नीट दांडे तासले. फलकावर आलं: 'युद्ध थांबवा. आमची पोरं परत आणा.' द्ध असा उतरला होता की मला नाक मुरडता येईना. मी दांडे ठोकून घरी गेलो, तेव्हा तो अजून लिहीतच होता. पोरांनी रंग सुकतो न सुकतो तोच फलक गुंडाळून नेला. घाई. धड वाचलासुद्धा नाही.

मोर्चा चौकात आला. मी आणि पेंटर कडेला उभे. फलक उघडला.

"पेंटर," मी म्हणालो, "खालची ओळ वाच."

त्याने वाचली आणि माझ्या दंडाला धरलं.

'आमची कोठेही शाखा नाही.'

आधी लोक हसले. बंदोबस्ताचा पोलीससुद्धा तोंड फिरवून हसला. धाकटीने मान वर करून फलक वाचला, कपाळाला हात लावला. मग काय वाटलं कोण जाणे, ओरडली, "परक्यांच्या देशात आमची..."

"कोठेही शाखा नाही!" अख्खा मोर्चा गरजला.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. पेंटर घराबाहेर पडेना. लोक हसले याचं त्याला काही नव्हतं. "थोरल्याने बघितलं तर?" एवढंच धरून बसला होता.

थोरल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्या दाराची बिजागरी बसवत होतो. पेंटरला कमी ऐकू येतं, म्हणून फोनचा आवाज मोठा. सगळ्यांना ऐकू आलं.

"बाबा, तो फोटो इथे आम्ही सगळ्यांनी पाहिला. खालची ओळ तुमचीच ना?"

"चुकलं रे. हाताच्या सवयीने..."

"अहो, चुकलं कसलं! माझे सोबती विचारतायत, शाखा नाही, तर मग आपण कुठल्या दुकानात बसलोय?" तो हसला. मग हसू थांबलं. "बाबा, दुकान बंद करायला सांगा हो. मला घरी यायचंय."

पेंटरने फोन ठेवला.

"सुतार, मोठी चौकट कर," म्हणाला.

या खेपेला त्याने खालची ओळ आधी लिहिली, वरच्यापेक्षा ठळक. धाकटी ती ओळ पुसायला आली नाही. पुढच्या मोर्चात एक दांडा तिच्या हातात, एक बापाच्या.

युद्ध अजून चालूच होतं. थोरला तिकडेच होता. दांडा माझ्या हातचा, म्हणून सांगतो: पेंटरने तो तिरका धरला होता. पण रस्ताभर एकदाही खाली टेकवला नाही.