पहिली केस

आईच्या अंगाखालची गोधडी सरकारी माणसांनी काठीनं ओढून काढली, तेव्हा ती जिवंत होती. भुईवर आपटली बिचारी. "पाणी" म्हणाली. सॅनिटरी साहेब नाकाला रुमाल लावून दारात उभा. म्हणाला, "आधी जाळा ती गोधडी." पाणी कुणी दिलं नाही. मलाही आत जाऊ दिलं नाही. दिवस मावळायच्या आत ती गेली.

बदलापूर गावात पटकी आली होती. ढाळ, उलट्या, आणि दोन दिवसांत माणूस खलास. आमच्या महारवाड्यात आई पहिली. पण गावात पहिली? छ्या! तिच्या चार दिवस आधी पाटलाचा थोरला मुलगा गेला होता. त्याची घाण झालेली अंथरुणं धुवायला आईलाच हाक मारली. दुसऱ्या कुणाला कशाला मारतील, आम्ही होतोच की! ओढ्यावर धुतली तिनं. मी काठावर बसून बघत होते.

आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी चावडीवर बोलावणं. साहेब पाटलाच्या घरचा चहा पीत होता, पाटील शेजारी बसलेला. बा पायरीखाली हात जोडून उभा.

साहेब म्हणाला, "पहिली केस तुझ्या बायकोची. रोग तुमच्या वस्तीतून आला. तुमची विहीर बंद. लाव अंगठा."

मरणाची नोंदवही पायरीच्या कडेला सरकवली. बानं अंगठा पुढं केला. मी चौथीत होते, वाचता येत होतं मला. आईच्या नावापुढं पटकी. पाटलाच्या मुलाच्या नावापुढं, ताप.

मी बाचा हात धरला. "बा, लावू नको. खोटं लिवलंय. साहेब, पाटलांच्या दादाला बी ढाळच झाले होते. त्याची अंथरुणं धुतली म्हणून आईला लागलं."

पाटील उठला. "तुझी आई हगून मेली, आणि माझ्या पोराचं नाव घेतेस, भिकारडे?" पायातली वहाण काढून तोंडावर मारली. ओठ फाटला. साहेबानं माझ्याकडं बघितलं, पाटलाकडं बघितलं आणि चहाचा घोट घेतला. बा रडत होता. पण अंगठा त्यानं मुठीत धरला. लावलाच नाही.

विहीर त्यांनी बंद केलीच. पाटील आळीतली उघडी राहिली. तिथं आणखी दोघं मेले. तेही तापानंच म्हणे!

आता मी अंबरनाथच्या दवाखान्यात नर्स आहे. साथ आली की घरोघर नोंद घेते. मोठ्या घरांतून ऐकवतात, "आमच्याकडं असले रोग नसतात." मी उंबऱ्यावरून हलत नाही. करा तक्रार, घालवा माझी नोकरी. तुमच्या घरात पटकीनं मढं पडलं, तर मी पटकीच लिहीन. आणि त्याची घाण कुणाकडून धुवून घेतलीत, तेही लिहीन. तुमच्या नावानिशी.